तीन एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे, फवारणीचा पंप कोणता घ्यावा?

पंप घ्यायला गेलं की दुकानदार आधी टाकी किती लिटरची ते सांगतो. तुम्ही आधी झाकणाचं रबर बघा. औषध नाकातोंडातून जातं एवढंच आपल्याला वाटतं, पण फवारणाऱ्याच्या अंगात ते जास्त करून कातडीतून उतरतं. माझा जुना हातपंप झाकणाशी झिरपायचा. तिसऱ्या टाकीला बनियन कमरेपर्यंत ओलं व्हायचं आणि मला तो घाम वाटायचा. रात्री मळमळ, डोकं जड. पित्त समजून दोन हंगाम काढले.

तरीही हातपंपाला मी वाईट म्हणणार नाही. स्वस्त आहे, वॉशर गावातच बदलून मिळतो, थेंब जरा जाड पडतो म्हणून हवेत कमी उडतो. शिवाय दांडा मारून हात भरून येतो आणि सात-आठ टाक्यांत माणूस मुकाट्याने धुऱ्यावर (बांधावर) बसतो. दुकानात ही त्याची खोड म्हणून सांगतात, मला तो गुण वाटतो.

बॅटरी पंपात हे थांबणंच नाही. बटण दाबलं की दिवसभर धार सुरू. मजुराला टाकीमागे पैसे असतील तर तो पंधरा-वीस टाक्याही मारतो, आणि तेवढा वेळ तो विषाच्या धुक्यात असतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा बोट ‘चायना पंपा’कडे, म्हणजे चिनी बनावटीच्या बॅटरी पंपाकडे दाखवलं गेलं. बारीक तुषार आणि जोराची धार, हे खरंच होतं. पण त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, एका टाकीत दोन-तीन औषधं मिसळली जात होती, आणि बांधावर त्याच हाताने खर्रा (तंबाखू-सुपारी) मळला जात होता. सगळा दोष मोटरीवर टाकला की बाकीचं तसंच राहतं.

मग बॅटरी पंप घ्यायचा का? घ्या, पण नोझल बघून. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं नोझल, आणि धुकं करण्यापुरताच दाब. वारा अंगाला आडवा ठेवायचा, नुकत्या फवारलेल्या ओळीत परत शिरायचं नाही, आणि टाक्यांचा आकडा सकाळीच ठरवून निघायचं. तणनाशकाचा पंप मात्र वेगळाच हवा. टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश टाकीत राहिला तरी पऱ्हाटीची पानं बोटांसारखी लांबोळी होतात.

पेट्रोलचा पंप, ज्याला पॉवर पंप म्हणतात, तीन एकराला मला पटत नाही. वजन, आवाज, तेल-पेट्रोलचं मिश्रण हे सोडाच, खरी भानगड मात्रेची आहे. या पंपाला एकरी पाणी कमी लागतं म्हणून टाकीमागे औषध साध्या पंपाच्या तिप्पट घ्या, असं कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात लिहिलेलं असतं. म्हणजे हातावर सांडणारं द्रावणही तिप्पट दाट. वर काही जण ‘हाही पॉवरच आहे ना’ म्हणून बॅटरी पंपातही तिप्पट ओततात! बॅटरी पंपाला पाणी हातपंपाएवढंच लागतं, मात्राही तेवढीच.

ड्रोन विकत घ्यायची वस्तू नाही, भाड्याने बोलवायची आहे. दहा लिटरच्या आसपास पाण्यात एकर होतो, माणूस वावरात शिरतच नाही. पण ते द्रावण फार दाट असतं, आणि ते मिसळणारा माणूस धुऱ्यावर असतोच. शेजारी रेशीमकिड्यांसाठी लावलेली तुतीची बाग किंवा उघडी विहीर असेल तर मी बोलावणार नाही, वाऱ्याने कुठे जाईल सांगता येत नाही.

मी स्वतः बॅटरी पंप घेतला. 2024 मध्ये महाडीबीटी या सरकारी योजनांच्या पोर्टलवर शंभर टक्के अनुदानात निघाले होते, माझा नंबर लागला नाही, खिशातून घेतला. पऱ्हाटी कमरेपर्यंत असेतो तोच. छातीला लागली की ड्रोनवाल्याला फोन. नाहीच आला तर किडीची आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे फवारणीचा खर्च परवडेल एवढी कीड आहे का ते, पुन्हा मोजतो. गेल्या वर्षी मोजली, आणि एक फवारा मारायचीच गरज निघाली नाही.