घरी बांधलेल्या हलक्या स्पोर्ट्स कारचं पुढचं सस्पेन्शन: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आधी गाडीची ओळख, कारण तिच्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. 1957 च्या लोटस सेव्हनच्या घाटाची, चौकोनी पाइपांच्या चासीवर बांधलेली दोन आसनी गाडी. मागे सरळ अ‍ॅक्सल, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन त्रिकोणी बाहू). चालकासकट वजन 650 किलो, त्यातलं पुढच्या चाकांवर 300. अपराइट (हब धरणारे उभे भाग) फोर्ड कॉर्टिना मार्क 4 चे, स्टिअरिंग रॅक एस्कॉर्ट मार्क 2 चा, टायर 185/60 आर13. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 1400 मिमी, पुढच्या-मागच्या चाकांमधलं 2350 मिमी. विशबोन आणि त्यांचे चासीवरचे ब्रॅकेट घरी वेल्ड केलेले. वापर चौदा महिने आणि साधारण 7,000 किमी, बहुतेक इंग्लंडमधल्या अरुंद, ठिगळं लावलेल्या गावरस्त्यांवर, थोडा रेस ट्रॅकवर.

थोडक्यात मत असं: मांडणी उत्तम आहे, आजही तीच निवडावी. पण पहिले पाच महिने ही गाडी चुकीच्या जुळवणीवर धावत होती आणि ती चूक कडक स्प्रिंगांनी झाकून ठेवली होती. घरी बांधलेल्या बऱ्याच गाड्यांत हेच घडतं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

सुरुवातीला पुढे 350 पाउंड प्रति इंचाच्या स्प्रिंगा होत्या. अशा गाड्यांना हा आकडा सर्रास सुचवला जातो. हिशेब मात्र कुणी मांडत नाही. या गाडीत खालच्या विशबोनची लांबी 340 मिमी, शॉकअब्सॉर्बर त्यावर 250 मिमीवर टेकतो आणि उभ्या रेषेशी 32 अंश कललेला आहे. म्हणजे 250 भागिले 340, गुणिले 32 अंशांची कोसाइन, येतात 0.62. चाक 10 मिमी वर गेलं की स्प्रिंग फक्त 6.2 मिमी दबते. चाकापाशी जाणवणारी कडकपणाची किंमत या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे साधारण 0.385 ने गुणून येते. 350 पाउंड म्हणजे 61 न्यूटन प्रति मिमी, चाकापाशी उरले साडेतेवीस. एका पुढच्या चाकावरचे 150 किलो घ्या, त्यातून चाक, हब, ब्रेक वगैरे 28 किलो वजा करा, उरतात 122. या दोन आकड्यांवरून गाडी वरखाली हेलकावण्याची गती येते सेकंदाला 2.2 वेळा. गुळगुळीत ट्रॅकसाठी हे ठीक. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी चालत नाही, उड्या मारते, आणि टायर हवेत असला की तो काही धरत नाही.

आता 225 पाउंडाच्या स्प्रिंगा आहेत. चाकापाशी 15 न्यूटन प्रति मिमी, गती 1.77. स्थिर अवस्थेत स्प्रिंग 49 मिमी दबलेली असते, पूर्वी जेमतेम 31 दबायची. हे 18 मिमी फार मोलाचे आहेत: रस्ता खाली गेला की चाक त्याच्या मागे जाऊ शकतं. गाडी आता ओल्या रस्त्यावर लवकर ब्रेक धरते आणि उखडलेल्या वळणावर रेषा सोडत नाही. सगळ्या बदलांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा. शॉकअब्सॉर्बरचा खटका मात्र सगळ्यात मऊपासून सुरू करून एकेक वाढवा. बॉनेट दाबून सोडल्यावर एकदा वर येऊन थांबलं की तिथेच राहू द्या.

मऊ स्प्रिंगा बसवल्याच्या पहिल्याच दिवशी गाडी रस्त्यावर भरकटू लागली. डावं चाक खळग्यात गेलं की नाक डावीकडे झुकायचं, बाहेर आलं की उजवीकडे. दोष स्प्रिंगांचा नव्हता. त्यांनी फक्त जुना दोष उघडा पाडला.

त्याचं मूळ कॅस्टरमध्ये होतं. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती बाजूने पाहता मागे किती कलली आहे, तो कोन म्हणजे कॅस्टर. मूळ आराखड्यात कॅस्टर साडेपाच अंश. इतक्या हलक्या गाडीत पुढच्या चाकांवर भारच कमी असल्याने स्टिअरिंग सोडल्यावर ते मध्यावर यायला आळस करतं. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर यायचं तर आयव्हीए या सरकारी मान्यता तपासणीत हेच पाहतात. म्हणून कॅस्टर सुमारे 7 अंश केला: वरच्या विशबोनच्या बुशांपाशी (सांध्यातल्या लवचीक नळ्यांपाशी) ब्रॅकेट मुळातच रुंद ठेवले होते, मागचे वॉशर काढून पुढे सरकवले, वरचा बॉल जॉइंट साडेपाच मिमी मागे गेला. जमिनीवरचा ट्रेल (वळण्याची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथून टायरच्या टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर) 27 वरून 34 मिमी झाला, स्टिअरिंग छान परतू लागलं. इथवर सगळं बरोबर.

पण अपराइट दीड अंश मागे कलला की त्याच्यावरचा स्टिअरिंग आर्मही कलतो. तो आर्म 110 मिमी लांब आहे आणि अ‍ॅक्सलच्या पुढे आहे. 110 मिमीवर दीड अंश म्हणजे रॅकपासून या आर्मकडे येणाऱ्या दांड्याचं, म्हणजे टाय रॉडचं, बाहेरचं टोक जवळपास 3 मिमी वर गेलं. रॅक होता तिथेच राहिला. टाय रॉड आता विशबोनांच्या समान केंद्राकडे (वरच्या-खालच्या विशबोनच्या रेषा वाढवल्या की जिथे मिळतात त्या बिंदूकडे) रोखलेला नव्हता, त्यामुळे चाक वरखाली झालं की आपोआप वळू लागलं. कडक स्प्रिंगांवर चाक हलतच नव्हतं, म्हणून पाच महिने कळलं नाही. आर्म अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर टोक खाली जाईल, एवढाच फरक.

मोजणी अशी केली. गाडी स्टँडवर, पाणसळीने सपाट. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर काढून ठेवले, स्टिअरिंग बरोबर मध्यावर बांधलं. हबवर सपाट पत्रा बोल्टने कसला आणि त्यावर 300 मिमी अंतराने दोन डायल गेज (बारीक सरक दाखवणारी काट्याची मापकं) लावले. खालच्या बॉल जॉइंटखाली जॅक घेऊन हब चालू उंचीपासून 50 मिमी वर, मग 50 मिमी खाली, दहा-दहा मिमीच्या टप्प्याने. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही गेजमधला फरक वहीत. वर 50 ला फरक आला 1.2 मिमी एका दिशेने, खाली 50 ला 1.1 मिमी उलट दिशेने.

हे आकडे वाचायची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर आणि खाली फरक उलट दिशांना जात असेल तर रॅकची उंची चुकली आहे. दोन्हीकडे एकाच दिशेला जात असेल तर टाय रॉडची लांबी, म्हणजे रॅकच्या आतल्या सांध्यांमधलं अंतर चुकलं आहे. उंची शिमने, म्हणजे पातळ पट्टीने, सुटते. लांबी सुटत नाही, रॅक बदलावा किंवा कापून आखूड करून घ्यावा लागतो, म्हणून चासीवर विशबोनचे ब्रॅकेट तात्पुरते वेल्डने टाचण्याआधीच हातातला रॅक मोजा आणि ब्रॅकेटची जागा त्यावरून ठरवा. बहुतेक जण उलट करतात.

इथे उंचीचा दोष होता. रॅकच्या क्लँपखाली 3 मिमीचे शिम घातले आणि फरक दोन्हीकडे 0.2 मिमीच्या आत आला. 300 मिमीवर अर्धा मिमी म्हणजे 0.1 अंश; तेवढ्याच्या आत असेल तर हात थांबवावा. त्यानंतर गाडी एका हाताने सरळ धावते. रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, कुठे असावा यावर लोक रात्री जागवतात. या गाडीत तो जमिनीपासून 50 मिमीवर आहे, 40 किंवा 60 असता तरी चालवताना ओळखू आलं नसतं. रॅकचे 3 मिमी मात्र पहिल्या वळणावर कळतात. वेळ तिथे घाला.

मऊ स्प्रिंगांची किंमतही मोजावी लागते. वळणावर गाडी जास्त कलते, जोरात घेतलं तर साधारण 3 अंश. या विशबोनांचं समान केंद्र चाकापासून 2000 मिमीवर आहे, त्यामुळे चाक 25 मिमी वर गेलं की 0.7 अंश निगेटिव्ह कॅम्बर मिळतो, म्हणजे चाकाचा माथा तेवढा आत कलतो. पण बॉडी एक अंश कलली तर त्यातून फक्त 0.35 अंश परत येतो, उरलेला 0.65 बाहेरच्या टायरचा तोटा. 3 अंशांना जवळपास 2. आधी स्थिर कॅम्बर पाऊण अंश होता आणि टायरची बाहेरची कड पिसासारखी झिजत होती. आता दीड अंश ठेवला आहे, झीज सारखी आहे. टायरमध्ये हवा 18 ते 20 पीएसआय पुरते. मोठ्या गाडीसारखी 30 भरली तर फक्त मधला पट्टा रस्त्याला लागतो.

कॅम्बर बदलायची सोय वरच्या बॉल जॉइंटच्या आट्यांवर आहे. फोर्ड ट्रान्झिट व्हॅनच्या स्टिअरिंगमधल्या ड्रॅग लिंक या दांड्याचं टोक विशबोनमध्ये फिरवून बसवलेलं असतं, आटा दीड मिमीचा. पिन खालीच राहायला हवी, म्हणून पूर्ण एकेक वळसाच देता येतो, आणि एका वळशाला 0.4 अंश बदलतो. त्याहून बारीक जुळवणी या मांडणीत नाही. प्रत्येक वळशानंतर टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत) पुन्हा तपासा.

बुशांबद्दल तक्रार आहे, पण ती पॉलीयुरेथेनबद्दल नाही, बसवण्याबद्दल आहे. आतली स्टीलची नळी बुशपेक्षा 0.3 ते 0.5 मिमी लांब हवी. विकत आलेल्या संचात दोन नळ्या बुशच्या बरोबरीच्या निघाल्या. बोल्ट कसला की ब्रॅकेट थेट पॉलीला चिमटतो आणि विशबोन जखडतो. परीक्षा सोपी आहे: शॉकअब्सॉर्बर सोडा, विशबोन आडवा धरा आणि हात काढा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे. एक विशबोन हवेत तसाच अडकून राहिला होता. त्याचं कारण नळी नव्हती. वेल्डिंगच्या उष्णतेने बाहेरचं बुशघर लंबगोल झालं होतं, व्हर्नियरने 0.3 मिमी. रीमर फिरवून ते सुटलं. वेल्ड करताना बुशघरात घट्ट बसणारा स्टीलचा दंडगोल ठेवला असता आणि जिगमध्येच (वेल्ड करताना भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात) पूर्ण थंड होऊ दिलं असतं तर ही वेळ आली नसती. ग्रीस सिलिकॉनचंच, साधं नको.

ताकदीचा हिशेबही आराखड्यावर लिहून ठेवा. जोरात ब्रेक लावला, 1 जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने वेग कमी होणं), तर एका पुढच्या चाकावर जमिनीपाशी साधारण 2,080 न्यूटन मागे ओढतात. खालचा बॉल जॉइंट जमिनीपासून 180 मिमीवर, वरचा 390 वर. तरफेचा नियम लावला की खालच्यावर जवळपास 3,900 न्यूटन मागे आणि वरच्यावर 1,800 पुढे. वरचा विशबोन पुढे ढकलला जातो हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही, आणि त्याचा पुढचा ब्रॅकेट पातळ पत्र्याचा राहतो. त्याच कारणाने विशबोनच्या बाहेरच्या टोकाला रोझ जॉइंट (आट्याच्या दांडीवरचा धातूचा गोलसांधा) लावू नका: आट्यांवर वाक येतो, आणि आटा मोडला की चाक सुटतं. आतल्या टोकांना लावायला हरकत नाही.

खालच्या विशबोनला स्प्रिंगचा भारही असतो, स्थिर 1,920 न्यूटन, खड्ड्यात त्याच्या तिप्पट धरा. पाइप 19 मिमी व्यासाचे, 2 मिमी जाडीचे सीमलेस आहेत, शॉकअब्सॉर्बरच्या ब्रॅकेटखाली 3 मिमीची पट्टी दोन्ही पाइपांना जोडते. विशबोन फिक्या करड्या रंगात रंगवले, काळ्या नाही. वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडली तर फिक्या रंगावर गंजाची तांबूस रेघ दिसते. चौदा महिन्यांत एकही दिसलेली नाही.

पुण्या-मुंबईची अभियांत्रिकीची मुलं कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग कार स्पर्धेसाठी स्वतः बांधलेल्या गाड्या नेतात. तिथे चाकाला किमान 50 मिमी प्रवास नियमानेच द्यावा लागतो. गाडी या गाडीच्या निम्म्या वजनाची असली तरी डायल गेजची मोजणी आणि विशबोन हातातून सोडायची परीक्षा जशीच्या तशी लागू पडते.

कॉर्टिनाचे अपराइट बिडाचे आणि जड आहेत, चांगल्या स्थितीत मिळणंही कठीण झालं आहे; नवी गाडी सुरू करणाऱ्याने आधी एक जादा जोड मिळतो का ते पाहावं, मगच ब्रॅकेट वेल्ड करावेत. देखभाल म्हणाल तर दर 1,500 किमीला अर्धा तास. सगळ्या लॉकनटवर पांढऱ्या रंगाची रेघ नटावरून पाइपावर ओढलेली आहे. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. आतापर्यंत दोनदा फिरला, दोन्ही वेळा उजव्या बाजूचा वरचा बॉल जॉइंट. तिथला लॉकनट आता पातळ नाही, पूर्ण उंचीचा आहे.