सोनी ए६४०० आणि जीफोटो२ : आठ महिन्यांच्या टाइमलॅप्सनंतर

नोव्हेंबरपासून मी माझा सोनी ए६४०० कॅमेरा जुन्या लॅपटॉपला जोडून टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेल्या फोटोंचा वेगवान व्हिडिओ, काढते आहे. लॅपटॉपवर लिनक्स आणि त्यावर जीफोटो२ हे कॅमेरा संगणकावरून चालवणारं मुक्त, फुकट सॉफ्टवेअर. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहायची, फ्रेम किती नि किती सेकंदांनी ते सांगायचं, की कॅमेरा कामाला लागतो.

'कॅमेऱ्यातच इंटरव्हल शूटिंग आहे, मग हा पसारा कशाला?' असं माझा भाऊ विचारायचा. आहे, पण त्यात दोन फ्रेममधलं अंतर जास्तीत जास्त ६० सेकंद ठेवता येतं. ढगांसाठी ते भरपूर झालं, तिथे मी आजही लॅपटॉप काढत नाही. पण कुंडीत मेथी पेरली तेव्हा दर पाच मिनिटांनी एक फ्रेम हवी होती. पाच दिवसांत १४४० फ्रेम झाल्या, सेकंदाला २५ च्या हिशेबाने जवळपास ५८ सेकंदांचा व्हिडिओ. माती आधी किंचित फुगते, मग भेगाळते, आणि वाकलेला देठ बियाचं साल डोक्यावर घेऊनच वर येतो. ते पाहिल्यावर भावाने पुन्हा विचारलं नाही.

सुरुवातीचे तीन आठवडे मात्र नुसते वाया गेले. कॅमेऱ्यात यूएसबी कनेक्शन 'पीसी रिमोट'वर ठेवलं होतं, चार्जिंगचा दिवा लागत होता, तरी सॉफ्टवेअरला कॅमेरा दिसेचना. मी सेटिंगं उलटीपालटी करत बसले. शेवटी कळलं की नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेली केबल फक्त चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच. केबल बदलली तर नवी अडचण: यूएसबी डिव्हाइस ताब्यात घेता येत नाही, असा एरर. कॅमेरा जोडला की फोटो दाखवण्यासाठी डेस्कटॉपच तो आधी धरून ठेवतो. मागे चालणारी ती जीव्हीएफएसची (डेस्कटॉपला फायली दाखवणाऱ्या सोयीची) प्रोसेस बंद केली की काम होतं. आता ती बंद करणारी ओळ मी स्क्रिप्टच्या अगदी वर ठेवली आहे.

माझ्यासाठी खरी कमाई इथल्या फुटाळा तलावाच्या टाइमलॅप्सची. सूर्य बुडताना ऑटो एक्स्पोजरवर ठेवलं, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते कॅमेऱ्यावर सोडलं, की फ्रेमगणिक उजेड मागेपुढे होतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. म्हणून एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, आणि स्क्रिप्ट दर दीड मिनिटाला शटर उघडं राहण्याचा वेळ एक तृतीयांश स्टॉपने वाढवते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). आपल्याकडे तिन्हीसांज झटकन सरते, त्यामुळे हा वेग तीन-चार संध्याकाळी हुकला. जमला त्या दिवशी पाणी तांबूस, मग जांभळं होत गेलं आणि काठावरचे दिवे एकेक करून उमटले, कुठेही झटका नाही. हातानं डायल फिरवून हे मला कधीच साधलं नव्हतं, कारण प्रत्येक स्पर्शाला ट्रायपॉड हलायचा.

मर्यादा सांगते. फोटो थेट लॅपटॉपवर उतरवायचा तर पाच सेकंदांच्या आतलं अंतर माझ्याकडे टिकत नाही. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) त्या केबलमधून जायला वेळ घेते, फ्रेम सुटतात. बॅटरीऐवजी डमी बॅटरी (बॅटरीच्या आकाराची, अडॅप्टरने घरच्या विजेवर चालणारी) लावली तर दिवसेंदिवस चालतं, पण लाइट गेली की लॅपटॉप सुरू आणि कॅमेरा बंद. मेथीचा पहिला प्रयत्न असाच दुसऱ्या रात्री संपला, तेव्हापासून अडॅप्टर इन्व्हर्टरच्या प्लगवर असतो. आणि उन्हाळा! कॅमेऱ्याची मर्यादा ४० अंशांची. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीवर दुपारी तो ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. मे महिन्यात मी घरातल्याच गोष्टी टिपल्या.

नव्याने जोडणार असाल तर केबल घेताना डेटा जातो का हे दुकानातच फोन जोडून बघा. घरी आल्यावर ती ट्रायपॉडच्या पायाला वेलक्रोने बांधा, कॅमेऱ्याकडची बाजू थोडी ढिली सोडून, म्हणजे कुणाचा पाय अडकला तर ओढ ट्रायपॉडला बसेल, कॅमेऱ्याच्या सॉकेटला नाही.