शाळेतील फिरता कंपोस्ट ड्रम : वर्षभराच्या वापरानंतर

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला आणि सुका कचरा जिथे निर्माण होतो तिथेच वेगळा करणे बंधनकारक केले होते, आणि घंटागाडीवाले मिसळलेला कचरा घेईनात, तेव्हा आमच्या शाळेने गेल्या जूनमध्ये २०० लिटरचा फिरता कंपोस्ट ड्रम खरेदी केला. त्याची देखरेख वर्षभर माझ्याकडे आहे. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण अशा बहुतेक ड्रमांची रचना सारखीच असते : लोखंडी सांगाड्यावर आडवे बसवलेले प्लास्टिकचे पिंप, हवेसाठी भोके आणि फिरवण्यासाठी दांडा.

बांधणीबद्दल तक्रार नाही. सहावीतली दोन मुले मिळून भरलेला ड्रम सहज फिरवतात, आणि उंदीर-कुत्र्यांचा उपद्रव थांबला. अडचण आली ती खिचडीची. घरच्या आणि शाळेच्या कचऱ्याला हा ड्रम सारखाच चालतो, असे विक्रेत्याने सांगितले होते. परंतु घरच्या ओल्या कचऱ्यात साली आणि देठे असतात, तर पोषण आहाराच्या शाळेत उरतो तो शिजलेला, चिकट भात. ड्रम फिरवला की त्याचे लाडू वळल्यासारखे गोळे होत. तिसऱ्या आठवड्यात एक गोळा फोडून पाहिला, तर तो वरून कोरडा आणि आतून पांढराफटक, आंबूस वासाचा निघाला. हवा खेळती राहावी म्हणून जे यंत्र फिरवायचे, तेच भाताला हवाबंद करीत होते.

यावर उपाय पालापाचोळ्याचा. खत नीट होण्यासाठी कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण ३०:१ असावे लागते आणि कोरडी पाने हा कार्बनचा स्वस्त पुरवठा आहे, हे माहितीपत्रकात एका ओळीत तरी छापायला हवे होते. आता बादलीभर खिचडीला दोन बादल्या पाने घालतो. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने पटकन मिसळतात, वडाची मात्र चुरून घालावी लागतात. प्रत्येक वर्गात पेन्सिलीच्या टरफलांसाठी डबाही ठेवला आहे. त्यातून फारसे काही निघत नाही, पण मुलांना तो रिकामा करायला फार आवडतो.

खत चाळताना चाळणीवर बिस्किटांच्या पुड्यांचे फाडलेले कोपरे उरतात. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे प्लास्टिकचे चमचे, पेले, स्ट्रॉ यांवर बंदी आली, पण त्यात हे पुडे नाहीत. त्यामुळे पुडा उघडताना कोपरा तोडून टाकायचा नाही, त्यालाच लोंबता ठेवायचा, असे मुलांना शिकवावे लागले.

सर्वांत मोठा फरक मात्र ड्रमामुळे पडला नाही. आधी एक डाव वाढायची, मग मागेल त्याला मागेल तितकी, असे स्वयंपाकीताईंनी सुरू केल्यावर उष्ट्याची बादली निम्म्यावर आली. हे आधी केले असते, तर एवढा मोठा ड्रम घेतलाच नसता.

एकच ड्रम घेणे ही आमची दुसरी चूक. रोज नवे उष्टे पडत राहिले, तर जुने खत पक्के होतच नाही. एक भरत असताना दुसरा झाकून ठेवता आला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीकडे दुसऱ्या ड्रमाची मागणी केली आहे, १०० लिटरच्या.