निवडणुकीआधीचा शेवटचा बुधवार : ‘पार्लमेंट लाइव्ह टीव्ही’ या सेवेचे परीक्षण

ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचे अधिवेशन चालू असताना दर बुधवारी दुपारी 12 वाजता पंतप्रधान प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी उभे राहतात. हा अर्धा तास संसदेच्याच ‘पार्लमेंट लाइव्ह टीव्ही’ या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. भारतातून पाहणाऱ्यासाठी ही वेळ तिकडच्या उन्हाळ्यात दुपारी साडेचारची आणि हिवाळ्यात साडेपाचची असल्यामुळे जागरण करावे लागत नाही. थेट प्रक्षेपणापेक्षाही या सेवेचे खरे मोल तिच्या संग्रहात आहे. डिसेंबर 2007 पासूनची कामकाजाची चित्रमुद्रणे तेथे उपलब्ध असून, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर पक्षनेत्यांची जी खडाजंगी होते ती अखंड, कोणाच्याही कात्रीविना पाहण्यासाठी मला तरी याहून चांगली जागा ठाऊक नाही.

‘अखंड’ या गोष्टीवर भर देण्याचे कारण या प्रश्नोत्तरांच्या रचनेतच आहे. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न मिळतात आणि तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाच्या नेत्याला दोन. चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या 15 सदस्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली असतात. पहिला प्रश्न पंतप्रधानांच्या दिवसभराच्या कार्यक्रमाविषयी, म्हणजे निव्वळ उपचाराचा असतो, आणि त्याच्या आडोशाने पुढे कोणताही प्रश्न पूर्वसूचनेशिवाय विचारता येतो. सहा प्रश्न ही एक चाल असते : पहिल्या प्रश्नात कोपरखळी मारायची, दुसऱ्यात उत्तर टाळले गेल्याचे दाखवून द्यायचे आणि सहाव्यात प्रचारसभेत शोभेल असे वाक्य टाकायचे. संध्याकाळच्या बातम्यांत दिसते ते बहुधा हे सहावे वाक्यच, आणि आधीची पाच कशी गेली हे प्रेक्षकाला कळतच नाही.

याचा उत्तम नमुना म्हणून 25 मार्च 2015 चे सत्र पाहावे. संसद विसर्जित होण्यापूर्वीची पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि विरोधी पक्षनेते, मजूर पक्षाचे एड मिलिबँड यांची ही अखेरची गाठ होती आणि 7 मे रोजी मतदान होते. 2010 च्या निवडणुकीनंतर कॅमेरॉन सरकारने मूल्यवर्धित कर साडेसतरा टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर नेला होता. तो पुन्हा वाढवणार नाही असे स्पष्टपणे सांगाल का, असे मिलिबँड यांनी विचारले. पंतप्रधान नेहमीप्रमाणे आडवळणाने उत्तर देतील आणि त्या आडवळणावरच पुढचे प्रश्न चढवता येतील, हा हिशेब उघड दिसत होता. कॅमेरॉन यांनी मात्र सरळ प्रश्नाला सरळ उत्तर म्हणून ‘होय’ असे सांगून टाकले. सत्ताधारी बाकांवर एकच जल्लोष झाला. मिलिबँड यांच्या हातातील पुढचे प्रश्न ‘नाही’ हे उत्तर गृहीत धरून बेतलेले असावेत, हे त्यांच्या चेहऱ्यावरून वाचता येते. लगोलग कॅमेरॉन यांनीच उलट विचारले की, राष्ट्रीय विम्याची, म्हणजे पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी कापली जाणारी, वर्गणी वाढवणार नाही असे मजूर पक्ष सांगेल का, आणि त्यावर मिलिबँड यांच्याकडून सरळ उत्तर आले नाही. निवडणूक जवळ आली की उत्तर देणाराच प्रश्न विचारू लागतो. नियमाच्या दृष्टीने हे विचित्र आहे, कारण हा वेळ पंतप्रधानांना विचारण्यासाठी आहे, त्यांनी विचारण्यासाठी नव्हे. पण त्या दिवशी तीच खेळी यशस्वी ठरली.

22 मे 2024 चे सत्र याच्या अगदी उलट प्रकृतीचे आहे. आजारपणात दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेले खासदार क्रेग मॅकिन्ले त्या दिवशी सभागृहात परतले. टाळ्या वाजवणे तेथील प्रथेत बसत नसतानाही साऱ्या सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि अध्यक्ष लिंडसे हॉईल यांनी त्या वाजू दिल्या. त्यानंतर तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आणि विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांची नेहमीची चकमक झाली. सर्वांत नेमका प्रश्न मात्र स्कॉटिश नॅशनल पार्टीचे स्टीव्हन फ्लिन यांनी विचारला : उन्हाळ्यात निवडणूक घेणार आहात, की घाबरलात? निवडणूक वर्षाच्या उत्तरार्धात होईल, हे ठरलेले उत्तर सुनक यांनी दिले. काही तासांतच डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात उभे राहून त्यांनी 4 जुलैची तारीख जाहीर केली. 4 जुलै हा उत्तरार्धच असल्याने उत्तर खोटे म्हणता येत नाही, आणि हे ठाऊक असताना ते अर्धे मिनिट पुन्हा पाहण्यात वेगळीच गंमत आहे.

सेवेच्या सोयींविषयी थोडक्यात सांगायचे तर, चित्राशेजारी वक्त्यांची क्रमवारी असते, हवा तो भाग आरंभ आणि शेवट ठरवून वेगळा काढता येतो, आणि पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांसाठी सांकेतिक भाषेचीही सोय आहे.

उणीव आहे ती चित्रीकरणाच्या शिस्तीची. 1989 च्या नोव्हेंबरात कॉमन्समध्ये दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले, तेव्हापासून त्यांनी काय दाखवावे यावर निर्बंध आहेत. काही नियम पुढे सैल झाले, तरी गोंधळ माजला की चित्र अध्यक्षांकडे वळते. परिणामी ओरडा ऐकू येतो, पण ओरडणारा दिसत नाही. कोणाच्या टोमण्याने वक्ता अडखळला, हे ठरवायला प्रेक्षकाजवळ काहीच उरत नाही. सभागृहाच्या प्रतिष्ठेसाठी हे केले जाते हे मान्य केले, तरी मतदाराने आपल्या प्रतिनिधीचे वर्तन पाहू नये असा त्याचा अर्थ होतो आणि तो मला पटत नाही.

यावर अर्धा इलाज म्हणजे ‘हॅन्सार्ड’ हा अधिकृत अहवाल शेजारी उघडून ठेवणे. तोही विनामूल्य आहे. मात्र त्यात पुनरुक्ती आणि उघड चुका काढून टाकलेल्या असतात आणि अर्ध्या मिनिटाचा गदारोळ कंसातल्या ‘व्यत्यय’ अशा एका शब्दात मावतो. शिवाय त्याची नावांची पद्धत औपचारिक आहे. मिलिबँड तेथे ‘एडवर्ड’ म्हणून सापडतात.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा प्रकार नवा वाटेल, कारण लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास खातेनिहाय चालतो, तारांकित प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते, आणि पंतप्रधान व विरोधी पक्षनेता यांनी दर आठवड्याला समोरासमोर उभे राहण्याची प्रथा तेथे नाही. त्यामुळे ब्रिटिश सत्र पाहताना उत्तरातून माहिती मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. माहितीसाठी लेखी प्रश्न वेगळे असतात. येथे कस लागतो तो हजरजबाबीपणाचा.

लंडनला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. बुधवारच्या या अर्ध्या तासाची प्रवेशपत्रे ब्रिटनमधील रहिवाशांना त्यांच्या खासदारांमार्फत मिळतात. परदेशी पाहुण्यांना जागा उरली तरच आत सोडले जाते, म्हणून दौऱ्याचा एकुलता एक बुधवार त्यासाठी राखू नये. आणि ज्यांना 1997 च्या निवडणुकीपूर्वीचे पंतप्रधान जॉन मेजर विरुद्ध विरोधी पक्षनेते टोनी ब्लेअर हे सामने पाहायचे आहेत, त्यांना या संग्रहाचा उपयोग नाही. तेव्हा हे प्रश्न मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटे चालत. ब्लेअर यांनी सत्तेवर येताच ते बुधवारच्या एकाच सत्रात आणले. त्या काळासाठी ‘हॅन्सार्ड’चे पानच उघडावे लागेल.