मॅथ्स-स्टॅट्स ऑनर्स, दीड वर्षानंतर: सगळं ठीक, पण एन वजा एकचं कारण कुणी सांगेल का?

गणित आणि स्टॅटिस्टिक्सच्या ऑनर्सला दीड वर्ष झालं. लिहायचं कधीपासून मनात होतं, राहून जात होतं, पण परवा असाइनमेंट परत मिळाली आणि दोन मार्क कापलेले बघून म्हटलं आता लिहूनच टाकते. विषय कुठले असतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

झालं असं की हाताने तपासता यावा म्हणून मी 2, 4, 9 एवढाच डेटा घेतला होता. त्याचा व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत याचं माप: सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग, त्यांची बेरीज, मग भागाकार) नमपाय या पायथन लायब्ररीत काढला, 8.67 आला, तोच लिहिला. मैत्रिणीने आर या स्टॅट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला तर 13. दोन्ही सॉफ्टवेअर बरोबर आहेत, आर एन वजा एकने भागतं (एन म्हणजे आकडे किती, इथे तीन) आणि नमपाय सांगितलं नाही तर सरळ एनने भागतं. माझ्या पेपरवर शेरा काय, तर "एन वजा एकने भागा." बस, एवढंच.

हे वाक्य मी पहिल्या सेमिस्टरपासून ऐकतेय. आधी सांगितलं नियम आहे, लक्षात ठेवा. मग सांगितलं एक डिग्री ऑफ फ्रीडम कमी होते. मग फळ्यावर दहा ओळींचं अल्जेब्रा करून शेवटी उत्तर अनबायस्ड, म्हणजे सरासरीने खऱ्या किमतीवरच येणारं, आलं आणि आम्ही ते उतरवून घेतलं. आणि रिअल अ‍ॅनालिसिसच्या तासाला काय, तर एका पायरीचं कारण लिहिलं नाही म्हणून अख्ख्या प्रूफला शून्य! लिमिटच्या व्याख्येत एप्सिलॉन आधी की डेल्टा आधी यावरून आम्ही महिनाभर बोलणी खाल्ली, आणि ते बरोबरच होतं, त्या तासांनी मला वाचायला शिकवलं. पण त्याच दिवशी पुढच्या, स्टॅट्सच्या तासाला कारण विचारलं की पोर्शन राहील म्हणतात. एकाच डिग्रीत हे दोन कायदे कसे? माझी मुख्य तक्रार हीच. कोर्सच्या नावात "आणि" आहे पण शिकवताना तो कुठेच दिसत नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि कुणाला हा कोर्स घे म्हणून सांगणार नव्हते. त्यानंतर मत बदललं, म्हणून पुढचं लिहितेय.

चिडून एका रात्री कागद घेऊन बसले. फासा दोनदा टाकला तर 36 जोड्या होतात, सगळ्या लिहून काढल्या. एका फाशाचा खरा व्हेरियन्स 35 भागिले 12, म्हणजे साधारण 2.92. प्रत्येक जोडीचा व्हेरियन्स एनने भागून काढला आणि 36 ची सरासरी घेतली तर 1.46, बरोब्बर निम्मा. एन वजा एकने भागलं तर 2.92, अगदी तंतोतंत. कारणही दिसलं. खरी सरासरी 3.5 आहे, पण आपण मोजतो जोडीच्या स्वतःच्या सरासरीपासून, ती त्या दोन आकड्यांच्या मधोमधच बसलेली असते, म्हणून अंतरांच्या वर्गांची बेरीज कधीच जास्त भरत नाही, बहुतेकदा कमीच भरते.

आणि मग माझ्या 2, 4, 9 कडे लिनिअर अल्जेब्राच्या नजरेने बघितलं. सरासरी 5. म्हणजे (2, 4, 9) या व्हेक्टरची (1, 1, 1) च्या रेषेवर पडलेली सावली (5, 5, 5), आणि उरलं ते (−3, −1, 4), त्या रेषेला काटकोनात. वर्ग करून बघा, 101 बरोबर 75 अधिक 26. हे चक्क पायथागोरस आहे! उरलेला तुकडा रेषेला काटकोनात असलेल्या प्रतलातच राहतो, त्याला दोनच दिशा मोकळ्या, मग 26 ला दोनने भागायचं, 13. डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे त्या मोकळ्या दिशांची संख्या. प्रोजेक्शन, म्हणजे हीच सावली, आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरलाच झालं होतं हो! पाच मिनिटांत दाखवता आलं असतं.

खूप वेळ नुसती बघत बसले होते त्या कागदाकडे. असा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच अभ्यासात मिळालेला नाही.

कुणी म्हणेल एवढ्याशा एकाचं काय घेऊन बसलीस. एन 1000 असेल तर फरक हजारात एकाचा, मान्य. पण छोट्या सॅम्पलला तोच सगळा खेळ असतो, ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने 1908 मध्ये "स्टुडंट" नावाने टी-टेस्टचा (छोट्या सॅम्पलच्या सरासरीची चाचणी) पेपर लिहिला तो मद्यनिर्मितीच्या कामात मोजकीच निरीक्षणं हाताशी असायची म्हणूनच.

बाकीचं थोडक्यात. प्रोग्रॅमिंग जमतं, रोज थोडं केलं की पुरे. प्रॉबेबिलिटी सुंदर आहे, कॉशी डिस्ट्रिब्युशनची (यात अधूनमधून अवाढव्य आकडे येतात) सरासरी कितीही नमुने घेतले तरी स्थिरावत नाही हे स्वतः सिम्युलेट करून बघाच. अ‍ॅनालिसिसला पहिले चार महिने काहीच कळणार नाही, तरी सोडू नका.

घ्यायचा असेल तर घ्या, पण लिनिअर अल्जेब्राची वही स्टॅट्सच्या तासाला शेजारी उघडी ठेवा. पुढच्या सेमिस्टरला रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणं) आहे, तिथे एन वजा पी येतं, पी म्हणजे डेटावरून काढलेले कोएफिशियंट किती ते. मी 36 जोड्यांचा कागद त्याच वहीत ठेवलाय, आणि पहिल्याच तासाला सरांना काटकोन कुठे आहे ते विचारणार आहे.