जिप्सीचे इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडणी: धायरीतील एका गॅरेजचे काम

इंजिन उघडून बांधून देणारे पुण्यात पुष्कळ भेटतात. बांधलेले इंजिन गाडीत नीट परत बसवणारे मात्र शोधावे लागतात. धायरीतील या गॅरेजकडे मी गाडी नेली तेव्हा माझ्या मारुती जिप्सीचे १,२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन भोसरीच्या एका मशीन शॉपमधून बोअर होऊन (सिलिंडर कातून), हेडसह बांधून आलेले होते. ते गाडीत उतरवणे, नवा क्लच सेट घालून पाच गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला जोडणे आणि सुरू करून देणे, एवढेच काम गॅरेजकडे होते. हा अभिप्रायही तेवढ्यापुरताच आहे.

इंजिन चेन ब्लॉकला (इंजिन उचलणाऱ्या साखळीच्या कप्पीला) लावण्याआधीच मिस्त्रींनी मला पहिला धक्का दिला. मशीन शॉपच्या बिलात क्रँकच्या मागच्या ऑइल सीलची नोंद होती. तरीही त्यांनी फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकावरचे, क्लच ज्यावर बसतो ते जड चाक) उतरवून ते सील खरोखर बदलले आहे की नाही हे पाहिले, आणि ते जुनेच निघाले. हे सील गळू लागले की तेल थेट क्लच प्लेटवर उतरते, क्लच घसरू लागतो आणि काही शे रुपयांच्या भागासाठी सगळे पुन्हा उतरवावे लागते. फ्लायव्हील हातात होतेच, म्हणून त्यातील, गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक धरणारे पायलट बेअरिंगही बदलण्यात आले. फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर उष्णतेचे निळसर डाग होते, ते लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट तासून) काढले. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या नव्या प्रेशर प्लेटवर गंज टाळण्यासाठी तेलाचा पातळ थर दिलेला असतो; तो थिनरने पुसल्याशिवाय प्लेट लावायची नाही हा या गॅरेजचा दंडक आहे, आणि तो पाळला जाताना मी पाहिला.

क्लच प्लेट मध्यावर धरण्यासाठी त्यांच्याकडे डमी शाफ्ट आहे. जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून ताकद घेणारा दांडा) कापून बनवलेला हा तुकडा दिसायला अगदी साधा आहे, परंतु नजरेच्या अंदाजाने प्लेट लावणाऱ्या कारागिरांची संख्या पाहता त्याचे मोल मला फार वाटले. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळले गेले आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्ह्याने) दिला गेला.

या गॅरेजची खरी परीक्षा झाली ती इंजिन गिअरबॉक्सला भिडवताना. जिप्सीचा गिअरबॉक्स चासीवरच राहिला होता आणि त्याचे तोंड खाली झुकू नये म्हणून खाली लाकडी फळी ठेवून जॅक लावलेला होता. इंजिन वरून उतरले, दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या डॉवेल पिना भोकांसमोर आल्या, इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या आट्यांमध्ये (मधल्या भोकातील लांबट खाचांमध्ये) शिरला आणि मग साधारण बोटभर फट उरून सगळे अडले. अशा वेळी बहुतेक ठिकाणी लांब बोल्ट घालून फट ओढून घेतात. त्यामुळे काम लवकर संपते खरे, पण क्लच प्लेटचा मधला भाग वाकू शकतो, पायलट बेअरिंगला मार बसतो किंवा बेल हाउसिंगचा (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाचा) ॲल्युमिनियमचा कान तडकतो. आणि यांपैकी काहीही त्या दिवशी दिसत नाही. नंतर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना दात खरवडतात, आणि मालक पुढे अनेक महिने गिअरबॉक्सलाच दोष देत बसतो. हाताखालच्या मुलाने पान्हा उचललाच होता, मिस्त्रींनी त्याला थांबवले आणि म्हणाले, “बोल्ट धरण्यासाठी असतो, ओढण्यासाठी नाही.” त्यांनी गाडी टॉप गिअरमध्ये टाकली, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रल केला आणि मधला छोटा प्रोपेलर शाफ्ट हाताने हळूहळू फिरवायला सांगितला, म्हणजे आटे एकमेकांत बसायला वाव मिळेल. तरीही फट जाईना, तेव्हा दोन्ही तोंडांमधली फट वर आणि खाली बोटांनी चाचपून त्यांनी इंजिनाचा मागचा भाग किंचित उचलला. पुढच्याच हलक्या धक्क्यात बेल हाउसिंग सपाट बसले. त्यानंतरच बोल्ट लागले. चेन ब्लॉक शेवटपर्यंत सैल केला नव्हता, कारण इंजिनाचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकता कामा नये.

बाकीची जोडणी रीतसर झाली. गिअर ऑइल मात्र त्यांनी जीएल-४ दर्जाचेच घ्यायला लावले, कारण जीएल-५ मधील रसायने सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना मानवतीलच असे नाही. स्पार्क पडू नये म्हणून इग्निशन कॉइलची जोडणी काढून ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला आणि मगच इंजिन सुरू केले. क्लच केबलला योग्य ती ढिलाई ठेवून ट्रायलसाठी दिवे घाट गाठला. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा वेग एकटाच वाढला नाही, म्हणजे क्लच घसरत नव्हता. रिव्हर्सही आवाज न करता पडला.

आता तक्रारी. मजुरीचा अंदाज तोंडी दिला जातो, आणि इंजिनाची रबरी माउंटिंगे बदलल्याचे मला थेट बिलातच कळले. ती फाटलेली होती हे खरे. तरीही आधी एक फोन अपेक्षित होता. पेट्रोलच्या नळीच्या जुन्या क्लिपा पुन्हा वापरल्या होत्या. मी हटकल्यावर त्या विनामूल्य बदलून दिल्या, पण इतक्या काटेकोर कामात हे ग्राहकाला सांगावे लागू नये. मजुरी मी विचारलेल्या इतर गॅरेजांपेक्षा जास्त आहे, आणि कामाचा दिवस हमखास पुढे जातो. ज्यांना गाडी ठरलेल्या तारखेला हवीच आहे, त्यांनी येथे जाऊ नये. किरकोळ सर्व्हिसिंगसाठीही हे ठिकाण मला सुचवावेसे वाटत नाही, कारण लहान कामे मिस्त्री शिकाऊ मुलांवर सोपवतात.

चेन ब्लॉकची जागा एकच असल्याने इंजिनाचे काम असेल तर आधी फोन करून वेळ घ्यावी, क्लच सेट आणि रिलीज बेअरिंग नाना पेठेतून स्वतः आणून द्यावे, त्यास त्यांची हरकत नसते, आणि अंदाज कागदावर लिहून मागावा.