मशीन बिघडलं नव्हतं, त्याचे दिवस भरले होते

नेरुळला आमच्या सोसायटीत गेल्या आठवड्यात पुन्हा ‘मोफत पाणी तपासणी’वाले येऊन गेले, म्हणून हे लिहिते आहे. तीन वर्षांपूर्वी मी अशाच तपासणीत फसले होते.

तेव्हा आलेला मुलगा बोलायला फार नम्र होता. त्याने दोन ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून क्षार गाळून काढलेलं. दोन्हींत सळ्या असलेलं एक छोटं यंत्र बुडवून त्याने बटण दाबलं. दोन-तीन मिनिटांत आमचं पाणी हिरवट, मग तपकिरी झालं आणि वर गाळ तरंगायला लागला. त्याचं पाणी तसंच राहिलं. “ताई, हे तुमची मुलं रोज पितात,” तो म्हणाला. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी १७,५०० रुपयांचं आरओ मशीन घ्यायचं ठरलं आणि सासूबाईंचा स्टीलचा, दोन कँडलचा फिल्टर माळ्यावर गेला. तो त्यांनी २८ वर्षं वापरला होता. मधूनमधून कँडल घासून धुवायची, फुटली तर भांड्यांच्या दुकानातून नवी आणायची, एवढाच त्याचा व्याप.

पहिलं वर्ष वॉरंटीत गेलं. पुढची दोन वर्षं मी ५,२०० रुपयांप्रमाणे एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, भरले. मशीनवर एक आकडा दिसायचा, फिल्टरचे उरलेले दिवस. या मे महिन्यात आम्ही गावी निघालो तेव्हा तो ४१ होता. मशीनचा स्विच चालूच राहिला. १८ दिवसांनी घर उघडलं तर आकडा २३. या काळात घरात थेंबभर पाणी कुणी काढलं नव्हतं. मग झिजलं काय? मशीन पाणी मोजतच नव्हतं, नुसते दिवस मोजत होतं. हे तेव्हाच खटकलं, पण मी गप्प बसले. २३ दिवसांनी मशीनने पाणी देणं बंद केलं.

कंपनीचा माणूस आला. त्याने मशीन उघडलंसुद्धा नाही. “फिल्टर संपले, बोर्डही गेला असणार. हे मॉडेल आता बंद झालंय. दुरुस्तीला ८,९०० होतील. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या, याचे ३,००० देतो.” साडेतीन वर्षंही न झालेलं मशीन, आणि मी ते भंगारात द्यायचं!

मी शिरवण्यातल्या एका दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी पंपाला स्वतःच्या अडॅप्टरवरून थेट वीज दिली. पंप सुरू झाला, पाणी आलं. त्यांनी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर लावला, १२. मशीन बसवलं त्या दिवशीच्या पावतीवर ११ लिहिलेलं होतं. म्हणजे क्षार गाळणारा पडदा, मेम्ब्रेन, चांगलं, पंप चांगला. मग त्यांनी बाजारातला त्याच मापाचा फिल्टर बसवून पाहिला. नीट बसला, पण मशीन ढिम्म. कंपनीच्या फिल्टरला एक चिप असते. ती ओळखली नाही तर मशीन चालायचंच नाही, अशी व्यवस्था आतच केलेली. दादा म्हणाले, “वहिनी, बिघाड असता तर काढला असता. हे कुलूप आहे, आणि किल्ली त्यांच्याकडे.”

मग त्यांनी आमच्या नळाच्या पाण्याला मीटर लावला. ६८! आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, त्यात मुळातच क्षार कमी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस योग्य धरला आहे. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारला सांगितलं होतं की ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला. आणि आम्ही ६८ च्या पाण्यासाठी आरओ लावून लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडत होतो, तेही उन्हाळ्यात पाणीकपात असताना. टीडीएसने जंतू कळत नाहीत हे खरं. सोसायटीच्या टाकीची भीती असेल तर पाणी उकळावं किंवा जंतू मारणारा यूव्ही किरणांचा फिल्टर लावावा. त्याला आरओ लागत नाही.

राहिलं ते तपकिरी पाणी. माझी भाची केमिस्ट्री शिकते. तिने आरओच्या पाण्यात दोन लोखंडी खिळे सोडून ९ व्होल्टची बॅटरी जोडली, काहीच झालं नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. थोड्या वेळात तोच हिरवट-तपकिरी गाळ! क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. गाळ सळईचा असतो, पाण्याचा नव्हे. सासूबाई कितीतरी वेळ त्या ग्लासाकडे बघत होत्या. त्या दिवशी “घेऊन टाक” त्याच म्हणाल्या होत्या, ते त्यांना फार लागलं. मी म्हटलं, आई, तुमची चूक नाही. नातवंडांची भीती घालूनच ते विकतात.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर आलं की टायमर ग्राहकाच्या आरोग्यासाठी आहे, आणि सोबत फिल्टरवर सवलत. मी ती नाकारली. आता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी लागते, आणि त्या सळ्यांच्या खेळाला तीन वर्षं उलटून गेली. त्याचा व्हिडिओही माझ्याकडे नाही. त्यामुळे तक्रार या कुलपावर आहे. दिवसांचा आकडा दाखवणारे दोन्ही फोटो, दादांचं लेखी बिल आणि जुनी पावती जोडली आहे. तुमच्याकडे पावत्या असतील तर टाकू नका.

कुठलंही मशीन घेताना एक प्रश्न नक्की विचारा: बाहेरचा फिल्टर चालतो का, आणि दिवस संपल्यावर मशीन नुसती सूचना देतं की बंद पडतं? उत्तर बिलावर लिहून मागा. मी हे विचारलं नव्हतं.

कँडलचा फिल्टर माळ्यावरून उतरवला आहे. तोटीचा वायसर तेवढा बदलावा लागला, तो नेरुळच्या बाजारात लगेच मिळाला. आणि सळ्यांचं यंत्र घेऊन कुणी दारात आलं, तर त्याच्या बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात आधी चिमूटभर मीठ टाका आणि मग म्हणा, आता दाबा बटण.